बोटाचा दाब

सूर तपासणाऱ्या ट्यूनरचा काटा दोन रेघा उजवीकडे गेला आणि तिथंच थांबला. दोन रेघा म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला तो फरक ऐकूही येणार नाही. पण ही गिटार तिनं आज सकाळीच स्वतःच्या हातानं लावली होती. खोक्यातून निघालेली कोरी करकरीत इलेक्ट्रिक गिटार. कारखान्यातल्या तारा काढून तिनं नव्या चढवल्या होत्या, ताणून ताणून मुरवल्या होत्या, दांड्याचा बाक काढला होता, तारांची उंची उतरवली होती. आणि सगळ्यात शेवटी ते किचकट काम केलं होतं, ज्यासाठी लोक तिच्याकडे शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचे. मोकळी तार छेडली की जो सूर येतो, तोच वरच्या सप्तकात दांड्यावरच्या बाराव्या पट्टीवर दाबल्यावर तंतोतंत यायला हवा. चढला तर खालची घोडी स्क्रूनं मागे सरकवायची, उतरला तर पुढे घ्यायची. प्रत्येक तारेला तिची वेगळी घोडी, प्रत्येक घोडीला वेगळा स्क्रू. केसाएवढं फिरवायचं, पुन्हा सुरात लावायचं, पुन्हा ऐकायचं. सहाच्या सहा तारा तिनं अशा बांधून ठेवल्या होत्या की काटा मध्यावर खिळल्यासारखा उभा राहत होता. आणि आता दुपारी तीन वाजता, तिच्याच टेबलासमोर, तीच गिटार मांडीवर घेऊन तिच्या थोरल्या भावानं, दादानं, बाराव्या पट्टीवर बोट ठेवलं, आणि काटा उजवीकडे गेला, म्हणजे सूर चढला.

दादाला काटा दिसत नव्हता. ट्यूनर तिच्या बाजूला तोंड करून ठेवलेला होता, आणि तसाही दादा आयुष्यात कधी ट्यूनरकडे बघायचा नाही. ज्यांना कान नसतात त्यांच्यासाठी ते खेळणं आहे, असं तो म्हणायचा. तिच्या देखत म्हणायचा, तिच्या टेबलावर तीन ट्यूनर मांडलेले असताना. त्यानं मोकळी तार छेडली, मग दाबलेली, मग पुन्हा मोकळी. तोंड आंबट केलं. ‘‘खोटी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘ही पण खोटी.’’ दारात दुकानाचे मालक उभे होते. त्यांनीच सहा महिन्यांत दादाला ही दुसरी गिटार दिली होती. पहिली त्यांनी तोंडातून अवाक्षर न काढता बदलून दिली होती, कारण दादासारखा वाजवणारा दुकानात येतो हे त्यांना चार लोकांत सांगता यायचं. आता मात्र त्यांनी कामाचं कोरं कार्ड तिच्यापुढे सरकवलं आणि शांतपणे सांगितलं, की ताई, तुम्ही नीट बघा, दोष असेल तर तसं लिहा, मी कंपनीकडे परत पाठवतो. नसेल तर तसं लिहा. ‘नसेल तर’ म्हणताना त्यांनी दादाकडे पाहिलं नाही.

तिनं हात पुढे केला. दादानं गिटार दिली. तिनं तेच केलं, तीच तार, तीच पट्टी. काटा मध्यावर. दुसरी तार. मध्यावर. तिसरी. तिनं कान टवकारून ऐकलं, काट्यावर विश्वास न ठेवता ऐकलं, आणि सूर इतका स्वच्छ होता की तिला उगाच भीती वाटली. गिटार परत दादाकडे. काटा उजवीकडे. हा खेळ तीनदा झाला आणि तिसऱ्यांदा तिनं काट्यावरून नजर काढून दादाकडे पाहिलं. दादा खाली बघत होता. मान वाकवून, डोळे बारीक करून स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता, जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. कधी बोटांकडे न बघणारा दादा खाली बघून वाजवत होता, आणि बोटांच्या टोकांवरची नखं दाबून दाबून पांढरी पडली होती.

त्याला सगळे ‘पीस’ म्हणायचे. पिसाएवढं हलकं बोट. दादाच्या वाद्यवृंदातल्या मंडळींनी वाजवणाऱ्या प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. ड्रमवाला ‘भूकंप’, जागचा न हलणारा बेसवाला ‘खांब’, आणि दादा पीस. लहानपणी दोघांत मिळून एकच गिटार होती, आणि ती शिकवताना दादा तारेखाली कागदाची चिंधी सरकवायचा. दाब, म्हणायचा, पण कागद सुटणार नाही इतकंच. फाटला तर तुझी चूक. तिचे कागद रोज फाटायचे. मग तो तिच्या बोटावर आपलं बोट ठेवायचा आणि म्हणायचा, हे बघ, एवढंच वजन. ती सात वर्षांची आणि तो तेरा. त्याच्या बोटाचं ते वजन तिला अजून आठवत होतं, म्हणजे आठवायचं असं काही नव्हतंच, इतकं ते कमी होतं. तारेला दुखणार नाही असं तो दाबायचा. आणि दाब कमी म्हणून सूर खरा. दाबून तार ताणली की ती चढते, हे जगातल्या प्रत्येक तारेला लागू आहे. एवढं साधं गणित समजायला तिला ट्यूनर लागत नव्हता. म्हणजे गिटारीत काही खोट नव्हती. खोट कुठे होती ते तिला आता कळलं होतं, आणि ते कळल्याबरोबर, लाज वाटावी इतक्या चपळाईनं, तिच्या आत एक वाक्य उठून उभं राहिलं.

ते वाक्य सव्वीस वर्षं तयार होतं. ती बावीस वर्षांची होती, वाद्यवृंदात दुसरी गिटार वाजवायची, आणि तिसऱ्या कार्यक्रमानंतर, स्टेजच्या मागे, वायरींची वेटोळी आणि लोखंडी पेट्या यांच्यामध्ये दादानं तिला सांगितलं होतं, ‘‘उद्यापासून तू येऊ नकोस. तुझ्या बोटांत सूर नाही.’’ भूकंप तिथंच झांजेचा नट सोडवत होता; त्यानं नट आणखी सावकाश सोडवला. खांबनं दुसरीकडे मान फिरवली. दादा रागानं बोलला नव्हता. डॉक्टर सांगतो तसं बोलला होता, आणि म्हणूनच तिनं ते खरं मानलं. घरी येऊन गिटार पलंगाखाली ठेवली ती ठेवलीच. मग कधीतरी दुकानात कामाला लागली, दुसऱ्यांच्या गिटारी खोलायला, बांधायला, आणि हळूहळू तिचं नाव झालं. पण अंघोळ करताना, भांडी घासताना, सिग्नलला उभी असताना तिनं शंभर वेळा तो प्रसंग कल्पनेत उलटा केला होता. दादा समोर उभा आहे, चुकतो आहे, आणि ती म्हणते आहे : तुझ्या बोटांत सूर नाही. तेव्हा तो खरं बोलला होता की नाही हे तिला कधीच कळलं नाही, आणि आता विचारण्यात अर्थही नव्हता. वाक्य मात्र घासून पुसून लखलखीत झालं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. समोर कार्ड होतं, त्यावर ‘दोष’ असा छापील रकाना होता, दारात मालक होते, आणि दादा खाली बघत होता.

तिनं अर्धा तास मागितला. मालक काउंटरवर गेले. दादा मात्र उठला नाही. तिच्या स्टुलाशेजारच्या दुसऱ्या स्टुलावर बसून राहिला. पंखा वरून गरगरत होता, टेबलावरच्या हिरव्या बनातीवर लोखंडी कीस सांडला होता, आणि ॲम्पची बारीक गुणगुण तिच्या दातांपर्यंत पोचत होती. कोणीतरी चहाचे दोन ग्लास आणून ठेवले. तिनं आपला उचलला आणि चटका बसून लगेच खाली ठेवला. दादानं डाव्या हातानं आपला ग्लास तळापासून धरला, पूर्ण पंजानं, आणि धरूनच बसला. बोलत राहिला. ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. करंगळीशेजारच्या बोटावर एक फोड होता, पाण्यानं टम्म भरलेला, दोनतीन दिवसांचा. कसला फोड, असं तिनं विचारलं. दादानं हात फिरवून पाहिला आणि तो तिथं आहे हे त्याला त्या क्षणी कळलं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. ‘तारेचा असेल,’ असं काहीसं तो म्हणाला. चाळीस वर्षं तारा दाबून ज्याच्या बोटांना घट्टे पडले आहेत, त्याला तारेनं फोड येत नाही. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

तो सांगत होता ते शनिवारच्या रेकॉर्डिंगबद्दल होतं. मोठं काम होतं, गाणारीण नावाजलेली, आणि तालमीत तिनं तीनदा गाणं थांबवलं होतं. कोणीतरी पडतंय, म्हणाली होती, खालचा सूर पडतोय. सगळ्यांनी खांबकडे पाहिलं. दादानं जरा हसून सांगितलं, की मग मलाच बोलावं लागलं. बेस पडतोय हे मी बोललो नसतो तर बोललं कोण असतं? खांबनं काही वाद घातला नाही. बेस पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या, सगळ्यांना येतो म्हणाला आणि गेला. दुसरा बेसवाला आला. ‘‘बत्तीस वर्षांची संगत रे,’’ दादा म्हणाला, आणि ‘रे’ कोणाला म्हणाला ते कळलं नाही. मग ग्लासाकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाला, की नवा बेसवाला आल्यावरही परवा गाणारणीनं गाणं थांबवलं. म्हणून ही नवी गिटार. आधीचीही खोटीच निघाली ना. या कंपन्यांचं काही खरं राहिलं नाही.

 खांबचा चेहरा तिला आठवला, त्या दिवशी दुसरीकडे वळवलेला. गिटारीचा सूर वर चढला की बिचारा बेस जागच्या जागी असूनही पडल्यासारखा वाटतो. एक माणूस जागचा हलला नव्हता आणि त्याला पाडलं गेलं होतं. आता बोलायलाच हवं होतं. ती तोंड उघडणार तोच दादानं, अगदी लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, ‘‘होईल ना गं बारके नीट?’’ आणि ते सव्वीस वर्षांचं वाक्य तिच्या जिभेवरच विरघळलं. विरघळून कडू झालं. ‘‘होईल की,’’ ती म्हणाली. आपण असं का म्हणालो ते तिला कळलं नाही. तोंडातून निघून गेलं आणि मग हातांना ते खरं करून दाखवणं भाग पडलं.

तिनं गिटार पुन्हा त्याच्या मांडीवर दिली आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली वाकली. तू दाब, म्हणाली, मी बघते. दादानं आधी सगळ्यात जाड तार बाराव्या पट्टीवर दाबली. काटा उजवीकडे. तिनं घोडी मागे घेतली, अर्धा फेरा. तार पुन्हा सुरात आणली. दाब. अजून उजवीकडे, पण कमी. पाव फेरा. दाब. हे काम तिनं हजारदा केलं होतं, पण नेहमी स्वतःच्या बोटानं, खऱ्या सुरासाठी. आता ती एका चुकलेल्या हाताभोवती वाद्य वाकवत होती, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक ती गिटार जगातल्या बाकी सगळ्यांसाठी खोटी होत चालली होती. स्क्रूची स्प्रिंग कुरकुरत होती. दादाचा श्वास तिच्या केसांवर येत होता. त्याचा दाब तरी एकसारखा कुठे होता? कधी दोन रेघा, कधी अडीच, एकदा तर तार सरकून शेजारच्या तारेला चिकटली आणि त्याला ते आवाजावरून कळलं. ती मधला मार्ग काढत गेली. तळहाताला घाम सुटून स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला. सहावी तार झाली तेव्हा तिची पाठ भरून आली होती. दादानं सगळ्या तारांवर एक मोठा सूरमेळ धरला, छेडला, आणि खोली भरून गेली. चुकत नव्हता. पहिल्या दोनतीन पट्ट्यांवर किंचित चढ उरला होता, पण तो ऐकायला तिच्यासारखाच कान हवा होता, आणि दादाला तो ऐकायचा नव्हता.

त्याचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला. सांगितलं होतं ना मी, म्हणाला. मालकांना त्यानंच हाक मारली. मालक आले, ऐकलं, मान डोलावली, आणि तिच्यापुढच्या कार्डाकडे बोट केलं. दोष होता ना, ताई? रकाना रिकामाच होता. तिनं पेन उचललं. पेनचं टोक कागदावर टेकवून ठेवलं तसा शाईचा ठिपका मोठा मोठा होत गेला. लिही की, दादा म्हणाला. तिनं लिहिलं : ‘वाजवणाऱ्याच्या हाताप्रमाणे लावली.’ मालकांनी ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि धंद्यात मुरलेला माणूस असल्यामुळे तडक काउंटरकडे परतले. दादानं वाचलं नाही. त्याचा चष्मा खिशात होता.

इथंच सगळं संपायला हरकत नव्हती. गिटार पेटीत गेली असती, दादा निघून गेला असता, शनिवार आला असता. पण चांगला वाजवणारा आपलं वाद्य स्वतःच्या मांडीवर ऐकून थांबत नाही. त्याला ते लांबून ऐकायचं असतं, श्रोत्याला ऐकू येतं तसं. दादा उठला, गिटार तिच्या हातात दिली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या खोक्यांच्या चळतीला टेकून उभा राहिला. ‘‘वाजव,’’ म्हणाला. तिनं नकाराला कारणं शोधली. हात घामेजलेत, काम पडलंय, मी कुठे वाजवते आता. वाजव गं, चार सूर, त्यात काय. गिटार पलंगाखाली ठेवल्यापासून दादासमोर तिनं कधी वाजवलं नव्हतं.  हलक्या हातानं दाबलं तर प्रत्येक सूर उतरणार होता, आणि दादाचा कान, तो मेला कान, अजून जागच्या जागी शाबूत होता. म्हणून तिनं दाबलं. जीव खाऊन दाबलं. तार मांसात रुतली, मनगटातून कळ निघाली, पण सूर वर आला, खरा झाला. दुसरा सूरमेळ. तिसरा. तिनं डोळे मिटले, दात आवळले. 

‘‘एवढं दाबून का वाजवतेस?’’ दादानं विचारलं.

ती थांबली. तो सूर तसाच हवेत वाजत राहिला. तिच्या हातातली ताकद संपली, बोटं आपसूक सैलावली, आणि सूर दोघांच्या देखत खाली उतरला. एवढंसं उतरला. दादाचं डोकं किंचित कलंडलं, कोणाची चूक पकडताना कलंडायचं तसं. तो टेबलापर्यंत चालत आला. त्यानं ट्यूनर उचलून आपल्याकडे तोंड करून ठेवला, आणि तिला पुन्हा वाजवायला सांगितलं, साधं, नेहमीसारखं. काटा डावीकडे गेला. मग त्यानं गिटार घेतली, चष्मा लावला, स्वतः दाबलं. काटा मध्यावर. त्यानं पुन्हा दाबलं. मग कार्ड उचललं आणि वाचलं. तिनं लिहिलेल्या तीन शब्दांना त्याला फार वेळ लागला. पंखा फिरत होता. बाहेर काउंटरवर कोणीतरी तबकड्यांची चौकशी करत होतं.

‘‘कधीपासून?’’ तिनं विचारलं.

तो स्टुलावर बसला आणि डावा हात बनातीवर उताणा ठेवला; दुरुस्तीला आणलेली वस्तू ठेवावी तसा. तिनं खालच्या खणातून तारेचा कापलेला तुकडा घेतला आणि त्याच्या पहिल्या बोटाच्या टोकावर टेकवला. लागतं? तो बोटाकडे बघत होता. बघू नकोस, म्हणाली. त्यानं मान वळवली. लागतं? थोडं. मधलं बोट. नाही. तिनं जरा टोचलं. इथं? नाही. फोडाचं बोट तिनं सोडून दिलं. करंगळी. तो इतका वेळ गप्प राहिला की तिला वाटलं त्याला कळलं असावं, आणि मग त्यानंच विचारलं, ‘‘टेकवलंस का?’’ तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि तिनं तार खाली ठेवली. गेल्या उन्हाळ्यापासून, तो सांगायला लागला. आधी टोकं बधिर, मग पेरं. तार कुठे आहे ते कळायचं नाही, म्हणून दाबून बघायचो; दाबलं की आवाज यायचा, मग कळायचं. वहिनीला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. डॉक्टरकडे गेलो तर तो म्हणेल वाजवणं बंद, म्हणून गेलोच नाही. पहिल्या गिटारीचा खरंच संशय आला होता, शप्पथ. दुसऱ्या वेळी तेवढा नव्हता. बेसच्या वेळी, आणि इथं तो थांबला.

उद्या सकाळी आपण दोघं डॉक्टरकडे जायचं, तिनं सांगितलं. मी सुट्टी टाकते, वहिनीला आज तूच सांग, नाहीतर मी सांगेन. त्यानं मान हलवली. वाद घातला नाही, हेच तिला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटलं. गिटारीचं काय करू, तिनं विचारलं, घोड्या पूर्ववत करू का? ‘कर,’ म्हणाला. ‘‘शनिवारी कोणीतरी वाजवेलच. त्याला खरी मिळू दे.’’ मग त्यानं उजव्या हातानं खिशातून फोन काढला. तिला वाटलं, वहिनीला लावतो आहे. त्यानं नंबर शोधला आणि फोन कानाला लावला.

‘‘पीस बोलतोय,’’ तो म्हणाला. ‘‘खांब, बेस बरोबर होता तुझा. सूर माझा चढत होता.’’

पलीकडून काय उत्तर आलं ते तिला ऐकू आलं नाही. बराच वेळ कोणीतरी बोलत होतं, हळू आवाजात, न थांबता. दादा मधूनमधून ‘हो’ म्हणत होता, ‘खरंय’ म्हणत होता, आणि समोरच्या भिंतीकडे, टांगलेल्या बिनतारांच्या गिटारींकडे बघत होता. डावा हात तसाच बनातीवर पडून होता, लोखंडी किसात, बोटं किंचित मिटलेली. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण तो बोलत होता, आणि सांगण्यासारखं नेमकं काय तेही तिला माहीत नव्हतं. तिनं आपला हात उचलून त्याच्या बोटांवर ठेवला. दादाला कळलं नाही. तो ‘हो’ म्हणत राहिला, भिंतीकडे बघत राहिला. ती हात तसाच ठेवून बसली. केव्हातरी फोनवरचा आवाज थांबला, दादानं फोन बंद केला आणि खाली पाहिलं. तेव्हा त्याला तिचा हात दिसला. त्यानं आपला हात हलवला नाही.